शेरा: पाऊस आहे

कॅसेटमधलं गाणं संगणकात उतरवून घ्यायला बरोबर तेवढाच वेळ लागतो, जेवढा ती कॅसेट ऐकायला लागतो. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं, नव्वदच्या कॅसेटला नव्वद. संगणकाच्या राज्यात ही मोठीच बेअदबी आहे. तिथे हजार फोटो डोळ्यांदेखत इकडून तिकडे जातात, अख्खी ज्ञानेश्वरी एका बोटाच्या इशाऱ्यावर सातासमुद्रांपार पोचते. पण फितीपुढे त्याचं काही चालत नाही. यंत्र कितीही नवं आणा, त्यात मेमरी कितीही ओता, फीत आपली सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर याच चालीने येणार. फिलिप्स कंपनीने 1963 साली ही कॅसेट बाजारात आणली तेव्हाची ही चाल, आणि फितीने ती वारकऱ्याच्या निष्ठेने पाळली आहे. आळंदीहून निघालेल्या पालखीला ‘जरा पाय उचला’ असं कुणी म्हणतं का? आपण कडेला उभं राहायचं, आणि ती पुढे जाईपर्यंत दुसरं काही करायचं नाही. घरासाठी संगणकाचा ज्यूकबॉक्स करायला बसलो तेव्हा मला खरं आकर्षण यंत्राचं होतं. वाट्याला आलं ते ऐकणं, तेही सक्तीचं.

या उद्योगाचं मूळ एका कपाटात आहे. डोंबिवलीच्या आमच्या घरात दिवाणखान्यातलं भिंतीतलं कपाट बाबांच्या गाण्यांनी व्यापलेलं होतं. भूगर्भात सर्वांत जुना थर सर्वांत खाली असतो, त्याच शिस्तीने तळाच्या खणात 78 आरपीएमच्या जाड काळ्या तबकड्या, त्यांच्यावर एलपी, एलपींच्या वर कॅसेटी आणि अगदी वर, सहज हाताला येतील पण सर्वांत कमी ऐकल्या गेलेल्या, सीडी. बाबा गेल्यावर आईला ते कपाट रिकामं हवं होतं. भाच्याने टाकायला काढलेला एक संगणक माझ्याकडे पडून होता. मी जाहीर केलं, की ही सगळी गाणी मी एका डब्यात घालणार. आई म्हणाली, “डब्यात घाल नाहीतर मोरीत घाल, मला तो खण दे.” तेव्हापासून आमच्या घरात त्या यंत्राला डबा म्हणतात. डबा आता झाला आहे, उत्तम चालतो, आणि कपाटातच बसवला आहे, कारण त्याच्या तारा बाहेर दिसलेल्या आईला चालत नाहीत. कॅसेटीही अजून तिथेच आहेत. त्या टाकायच्या कुणी, यावर घरात एकमत नाही.

डब्यात गाणं कोणत्या रूपात ठेवायचं, हा पहिला पेच. एमपीथ्री ही सगळ्यांच्या ओळखीची. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या मंडळींचा तिच्या घडणीत मोठा वाटा. तिचं तत्त्व बिनतोड आहे: मोठ्या आवाजाच्या आडोशाला उभा असलेला बारीक आवाज माणसाच्या कानाला नाही तरी कळत नाहीच, मग तो ठेवायचा कशाला? सीडीवरच्या ज्या एका मिनिटाला दहा एमबी जागा लागते ते असं छाटत छाटत एका एमबीत बसतं. हिशोब चोख आहे. पण मला काय ऐकू येत नाही हे मला न विचारता कुणी परस्पर ठरवावं, हे काही मनाला पटेना. आणि ज्या घरात श्रीखंडाचे रिकामे डबे ‘असू देत, लागतील’ म्हणून माळ्यावर जातात, त्या घरात सूर टाकून देणारी पद्धत कशी नांदणार? म्हणून मी फ्लॅक धरली. 2001 सालापासून फुकट, सगळ्यांसाठी खुली असलेली ही पद्धत काही म्हणजे काही टाकत नाही. नुसती नीट घडी घालते आणि साधारण निम्म्या जागेत गाणं ठेवून देते. उलगडलं की सगळं जागच्या जागी, गायकाच्या खाकरण्यासकट.

तारांचं प्रकरण मात्र नाजूक निघालं. टर्नटेबल सरळ संगणकाला जोडला तर सगळे गायक पडसं झाल्यासारखे नाकात गातात आणि तबल्याच्या जोडीतला डग्गा गैरहजर असतो. एलपी कापतानाच खर्जाचे सूर दाबून आणि वरचे फुगवून कापलेले असतात. नाहीतर खर्जाच्या रुंद लाटांनी शेजारच्या खाचेवर अतिक्रमण केलं असतं. वाजवताना मधल्या यंत्राने हे सगळं पुन्हा उलटं करायचं, आणि किती उलटं, याचं प्रमाण अमेरिकेत 1954 साली ठरलं. 78च्या तबकड्या त्याच्या आधीच्या, त्यामुळे त्यांना हा कायदा लागू नाही. शिवाय मिनिटाला 78 फेऱ्या हा आकडाही सुरुवातीच्या काळात बराचसा कागदावरचा. प्रत्यक्षात कुणी थोड्या कमी घ्यायचं, कुणी थोड्या जास्त. याचा अर्थ असा, की टर्नटेबलवरचा वेगाचा खटका केसभर सरकवला की बालगंधर्वांचा षड्जही सरकतो. ज्या सुरावर महाराष्ट्राच्या एका पिढीने जीव ओवाळून टाकला, तो सूर नेमका कुठे होता हे ठरवायचा अधिकार डोंबिवलीत माझ्या अंगठ्याखाली यावा, ही काही बरी गोष्ट नव्हे. मी आईला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, डोळे मिटून उभी राहिली. “अजून थोडा वर घे. हं. आणखी. नको, फार झालं. आता खरंच बाई वाटायला लागले.”

आणखी एक सूर होता, जो कुठल्याच तबकडीवर नव्हता. गाणं थांबवलं तरी कर्ण्यांमधून ‘हूंऽऽ’ असा गंभीर हुंकार येतच राही. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, आणि तारा कुठेतरी चुकीच्या पद्धतीने जमिनीला टेकल्या की तेच हेलकावे ऐकू येतात. बाबांची पेटी काढून तपासलं. पांढरी पाचच्या खालच्या सप्तकात, पण किंचित चढा. मग लक्षात आलं, की हा सूर आपल्या घरापुरता नाही. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत जो जो ट्रान्सफॉर्मर नाक्यावर गुणगुणत उभा आहे तो याच सुरात आहे, फार तर एक सप्तक वर. सारा देश एका षड्जात लावलेला आहे आणि संगीतकारांना त्याचा पत्ता नाही! टर्नटेबल आणि संगणक एकाच बोर्डावर आणून जोडल्यावर तो हुंकार शांत झाला. दोन घराण्यांमधले वाद असे एका बोर्डावर आणून मिटले असते, तर आपल्याकडच्या संगीत-समीक्षेचं काय झालं असतं, कोण जाणे.

मग खरखर. खरखर काढून टाकणारी आज्ञावली मोठी हुशार असते. तिला म्हणायचं, हे बघ, इथे गाणं सुरू व्हायच्या आधीच्या दोन-चार सेकंदांत फक्त कचरा आहे, हा नीट ओळखून ठेव आणि पुढे जिथे जिथे दिसेल तिथून झाडून टाक. पाश्चात्त्य संगीतात हे ठीक असावं. तिकडे गाणं सुरू होण्याआधी शांतता असते. आपल्याकडे गाणं सुरू होण्याआधी तानपुरा असतो. आज्ञावलीने एका खाजगी मैफलीच्या सुरुवातीचे काही सेकंद हुंगले. तिला तिथे एक अखंड, न बदलणारा, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला नाद मिळाला. तिने तो कचरा म्हणून नोंदवला आणि पुढच्या पाऊण तासातून निष्ठेने उपसून काढला. उरलेलं गाणं ऐकताना अंगावर काटा आला. गायक तोच, ताना त्याच, पण पायाखालची जमीन काढून घेतलेली. बिचारा अधांतरी गातोय आणि त्याला ते माहीत नाही. जे सतत असतं ते ऐकू येईनासं होतं, म्हणून ते काढून टाकायला हरकत नाही, असा विचार करणारी माणसंही मी पाहिली आहेत. त्यांच्याइतकीच ही आज्ञावलीही सज्जन होती. मी तिला रजा दिली. खरखर राहिली, तानपुराही राहिला.

खरा ज्यूकबॉक्स मी पाहिला तो बाबांच्या बोलण्यातून. या यंत्राचा जन्म 1889चा, सॅन फ्रान्सिस्कोतल्या पॅले रॉयाल नावाच्या गुत्त्यातला. लुई ग्लास नावाच्या गृहस्थाने तिथे एडिसनचा फोनोग्राफ मांडला आणि त्याला कानाला लावायच्या चार नळ्या जोडल्या. ज्याला ऐकायचं त्याने आपल्या नळीसाठी नाणं टाकायचं. पुढे त्याला कर्णा आला, दिवे आले, 1946च्या वुर्लिट्झरमध्ये तर रंगीत नळ्यांतून बुडबुडेही वर चढायला लागले. त्याच्या पोटात 24 तबकड्या. मुंबईत ही यंत्रं इराण्यांकडे असायची. कुलाब्याच्या मोंडेगारचं नाव तर त्याच्याशी जोडलेलंच आहे. बाबा फोर्टात नोकरीला लागले त्या काळात इराण्याच्या हॉटेलात जाऊन बसत. नाणं टाकायची ऐपत नसे, म्हणून दुसऱ्या कुणी टाकलेल्या नाण्यावर ऐकत. ते म्हणायचे, त्या यंत्राची गंमत गाण्यात नव्हतीच. उठून, सगळ्यांच्या देखत चालत जाऊन, नाणं टाकून, बटण दाबून परत जागेवर येईपर्यंत तुमच्या मनातली गोष्ट अख्ख्या हॉटेलला कळलेली असे. कुणाचं लग्न ठरलंय, कुणाचं मोडलंय, हे गल्ल्यावरच्या इराणी शेठला घरच्यांच्या आधी समजे. आणि एकदा नाणं आत गेलं की माघार नाही. आमच्या डब्यात त्या वुर्लिट्झरच्या कित्येक पट गाणी आहेत, नाणं लागत नाही, उठावंही लागत नाही. त्यामुळे मी फोनवर बोट फिरवत बसतो, हे नको, ते नको, आणि चहा निवतो.

पण बोट फिरवायचं म्हटलं तरी प्रत्येक गाण्याला नाव हवं, आणि इथून खरी कथा सुरू होते. ध्वनिमुद्रणाला नाव चिकटवायची आपल्याकडची पहिली सोय गाणाऱ्याच्या तोंडानेच केलेली होती. 1902 साली ग्रामोफोन कंपनीच्या गाइसबर्गने कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं घेतलं. ठुमरी असो की ख्याल, तीन मिनिटांत आटोपायचा, आणि शेवटी बाई खणखणीत इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायच्या. कारण तबकडी छापली जायची जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या कारागिराला चिठ्ठीवर कुणाचं नाव घालायचं हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. संगणक त्याच हॅनोव्हरच्या कारागिराचा वंशज. त्यालाही गाणं कळत नाही, त्यालाही नावच हवं असतं. 1996 साली एमपीथ्रीच्या शेपटाला जोडायची जी चिठ्ठी निघाली तिच्यात गाण्याच्या नावाला तीस अक्षरं, कलाकाराला तीस, संचाला तीस, सालाला चार, शेऱ्याला तीस, आणि गाण्याचा प्रकार दिलेल्या यादीतून निवडायचा. त्या यादीत ऐंशी प्रकार होते. डेथ मेटल होतं, पोल्का होतं, अ‍ॅसिड पंक होतं, ‘खोड्या’ अशा अर्थाचाही एक प्रकार होता. नाट्यसंगीत नव्हतं, भावगीत नव्हतं, अभंग आणि लावणी नव्हती. म्हणून ज्याने कुणी आमच्या सीडी आधी कुठेतरी नोंदवल्या होत्या त्याने भजनांना ‘ब्लूज’ करून टाकलं होतं, कारण यादीत ते पहिलं होतं. विचार केला तर ते फारसं चुकलेलंही नव्हतं.

कलाकाराच्या नावाचा घोळ त्याहून मोठा. मराठी गाण्याला तीन जन्मदाते असतात: गीत कुणाचं, संगीत कुणाचं, स्वर कुणाचा. आकाशवाणीवर ही त्रयी क्रमाने सांगितल्याशिवाय गाणं सुरू व्हायचं नाही. यंत्राला एकच माणूस हवा. मी स्वर देऊन गप्प बसवलं, पण कवी आणि संगीतकार रात्री स्वप्नात येतील अशी धास्ती राहिली. त्यानंतर रोमन अक्षरांच्या क्रमाने यादी लावली, तेव्हा आपल्या संगीताचं सगळं वैभव तीन-चार अक्षरांत गोळा झालं. ‘पी’मध्ये सगळे पंडित, ‘यू’मध्ये सगळे उस्ताद, ‘डी’मध्ये डॉ. वसंतराव देशपांडे आणि डॉ. प्रभा अत्रे. बाकीची अक्षरं मोकळी मैदानं. भीमसेन जोशी तर पदवीसह, पदवीशिवाय, मराठीत, इंग्रजीत असे कितीतरी झाले, आणि यंत्र त्या प्रत्येकाला वेगळा गवई समजून आदराने वेगळी खोली देत राहिलं. पदव्या काढून आडनावं पुढे आणली, तर ‘जी’मध्ये एक भलं मोठं कुटुंब जमलं. गंधर्व, बाल. गंधर्व, कुमार. गंधर्व, सवाई. गंधर्व, छोटा. राजहंस, कोमकली, कुंदगोळकर आणि गोरे ही चार वेगवेगळ्या घरांतली मुलं, यंत्राने त्यांना एका छपराखाली आणून भाऊ केलं. मी ते तसंच ठेवलं आहे. कधी कधी तिथे बोट थांबतं, तेव्हा वाटतं, की या घरात सकाळी आंघोळीला नंबर कुणाचा आधी लागत असेल.

या सगळ्यात मला सारखी आठवण यायची ती विष्णु नारायण भातखंड्यांची. वाळकेश्वरला 1860 साली जन्मलेला हा वकील सगळी वकिली सोडून देशभर हिंडला, उस्तादांच्या नाकदुऱ्या काढल्या, चिजा मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या, क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत शेकड्यांनी छापल्या, आणि सगळे राग दहा थाटांच्या दहा कप्प्यांत घालून दिले. कप्प्यात न बसणाऱ्या रागांनी त्यांना किती छळलं असेल, याची मला आता कल्पना येते. त्यांच्याकडे कापायला-चिकटवायला संगणक नव्हता. बरंच होतं म्हणायचं. पण रागांच्या वेळेचाही त्यांनी नीट विचार करून ठेवलेला होता, आणि तोच आमच्या उपयोगी पडला. डब्याला ‘वाटेल ते लाव’ म्हटलं तर तो खरोखरच वाटेल ते लावायचा. सकाळी आठला, कुकरची शिट्टी होत असताना, दरबारी कानडा. रात्री जेवणानंतर तोडी. आई रेडिओवर वाढलेली. तिने ताट बाजूला सारून विचारलं, “याला घड्याळ नाही का रे?” घड्याळ त्याला होतं. त्याचा गाण्याशी काही संबंध असतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. फ्लॅकच्या चिठ्ठीची मोठी सोय अशी, की तिच्यात हवे तेवढे नवे कप्पे काढता येतात. फक्त कप्प्याचं नाव रोमन अक्षरांत हवं, आत काय ते खुशाल देवनागरीत लिहा. मी ‘प्रहर’ नावाचा कप्पा काढला. आता डबा घड्याळ बघतो, कितवा प्रहर चाललाय ते पाहतो आणि त्यातलंच काहीतरी काढतो. भातखंडे आमच्या कपाटात, भाच्याच्या जुन्या संगणकावर, बिनपगारी कामाला आहेत.

माणसाने बनवलेला सर्वांत दूरचा ज्यूकबॉक्सही काही या अडचणीतून सुटलेला नाही. 1977 साली दोन व्हॉयेजर यानं सोडली, तेव्हा प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तांब्याची तबकडी होती. तिच्यात सुमारे दीड तासाचं, पृथ्वीवरचं 27 तुकड्यांचं संगीत. सोबत सुईही दिली आहे, आणि तबकडी किती वेगाने फिरवायची हे हायड्रोजनच्या अणूच्या हिशोबाने आवरणावर कोरून ठेवलं आहे, म्हणजे तिकडच्यांचा अंगठा माझ्यासारखा चाळे करणार नाही. त्या 27मध्ये गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. कार्ल सेगनच्या मंडळींनी यादीत त्यांच्या नावामागे ‘सुरश्री’ लिहिलं, हे मला फार आवडलं. पण प्रकाराच्या जागी नुसतं ‘राग’ असं लिहून ठेवलं. कोणता, केव्हाचा, काही नाही. आणि तबकडीवर केसरबाईंच्या भैरवीनंतर आणखी दोन तुकडे आहेत, एक अमेरिकेतल्या अंध गायकाचा, एक बेटोफनचा. भैरवी झाली की लोक चपला शोधायला लागतात, हे तिकडे कुणाला माहीत नसावं. अर्थात तारे आणि तारे यांच्यामधल्या त्या काळोखात प्रहर तरी कुठला लावणार?

आमच्या घरात तो प्रश्न नव्हता. उलट प्रहर जरा जास्तच होते. एकेक कॅसेट फितीच्या चालीने ऐकत गेलो तसं लक्षात आलं, की ज्या नावांनी मी त्यांना चिठ्ठ्या लावत होतो त्या नावांनी आमच्याकडे कुणी कधी त्यांना ओळखलेलंच नाही. एक होती ‘दाढीची कॅसेट’. बाबा रविवारी निवांत दाढी करताना ती लावत. तिच्यात एका बाजूला वसंतरावांची नाट्यपदं आणि दुसऱ्या बाजूला चक्क तलत महमूद. एक ‘पाहुण्यांची’, जी पाहुणे उठायला हवे असले की लागायची, संथ, विलंबित. एक ‘लाइट गेल्यावरची’, टू-इन-वन बॅटरीवर टाकून काळोखात ऐकायची, आणि ती अर्धीच ऐकलेली असे, कारण तेवढ्यात दिवे येत. एकीचे वरचे दोन्ही प्लास्टिकचे दात बाबांनी मोडून टाकले होते, तिच्यावर पुन्हा काही भरलं जाऊ नये म्हणून. ताईने लहानपणी त्या भोकांवर चिकटपट्टी लावून तिच्यावर स्वतःच्या आवाजात बातम्या भरल्या होत्या. पूरियाच्या भरात एकदम “मी बातम्या देत आहे” असं येतं, आणि देशात त्या दिवशी काय घडलं ते न सांगता, आईने शिकरण केलं आहे एवढंच सांगून बातम्या संपतात. मग पुन्हा पूरिया, जणू मध्ये काही झालंच नाही. शेवटी मी प्रकाराच्या कप्प्यात डेथ मेटलच्या रांगेत ‘दाढी’ असा नवा प्रकार घातला. ‘पाहुणे’, ‘लाइट गेल्यावर’, ‘बातम्या’ हेही घातले. ही वर्गवारी मात्र आईला एका दमात कळली. जगाला गाणं काय आहे हे नोंदवायचं असतं. घराला ते केव्हाचं आहे तेवढं पुरतं.

सर्वांत तळाशी, टू-इन-वन येण्यापूर्वीच्या काळातल्या काही कॅसेटी होत्या. तेव्हा शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागायचा, आणि बाबा रेडिओसमोर एका मित्राचा टेपरेकॉर्डर ठेवून, त्याचा माइक हातात धरून तो भरून घेत. आम्हाला तेवढा वेळ शिंकायलाही बंदी. पण सुरुवातीला ते स्वतः मात्र बोलत, गौहर जानसारखं नोंद म्हणून, कोरड्या ऑफिसच्या आवाजात. एका कॅसेटवर ते म्हणतात: “शनिवार. रात्रीचे साडेनऊ. मियाँ मल्हार. पाऊस आहे.” आणि लगेच आलाप सुरू होतो.

गायकाचं नाव ते सांगतच नाहीत. हा आवाज कुणी ओळखणार नाही, असं त्यांच्या मनातही आलं नसावं. विसरलं जाईल असं त्यांना वाटलं ते फक्त पावसाचं. ते बोलणं तांत्रिकच होतं म्हणा. मीडियम वेव्हवर वीज चमकली की रेडिओत कडाड् असं फुटतं, आणि ते टेपचं दुखणं नव्हे, हे त्यांना पुढे ऐकणाऱ्यासाठी नोंदवून ठेवायचं होतं. गाण्याच्या मध्ये खरोखरच दोनदा वीज कडाडते. एकदा तर बरोबर समेवर, इतकी नेमकी, की बाबांचा “वा” निघून जातो आणि तोही कॅसेटवर आहे. खरखर काढणारी आज्ञावली रजेवर होती हे किती बरं झालं! कलाकाराचा कप्पा त्या कॅसेटला रिकामा आहे. आई एक नाव सांगते, ताई ठामपणे दुसरं. ती नावं मी इथे लिहीत नाही, कारण दोन्हींचे भक्त डोंबिवलीत राहतात आणि मलाही इथेच राहायचं आहे. शेऱ्याच्या कप्प्यात मात्र काय लिहायचं याबद्दल वाद नव्हता. पुढे मी ‘हवामान’ असा आणखी एक कप्पा काढला. त्यात हजारो गाण्यांमध्ये आजवर एकच नोंद आहे.

ताई न्यू जर्सीत असते. डबा झाल्यावर मी तो इंटरनेटवरून तिच्याकडे पोचवला. आमच्या दिवाणखान्यात जे लागतं तेच तिच्या स्वयंपाकघरात लागतं, एखाद्या घरगुती आकाशवाणीसारखं. पण डब्याचं घड्याळ भारताचं. तिची सकाळ होते तेव्हा इथे उन्हं कलतात, म्हणून तिच्या कॉर्नफ्लेक्सवर मुलतानी आणि भीमपलास येतात. तिने सुरुवातीला तक्रार केली. घड्याळ तिकडचं लावावं, असं सुचवलं. आई म्हणाली, मग मला सकाळच्या चहाबरोबर बागेश्री ऐकावी लागेल, ते काही जमायचं नाही. ताई आता भीमपलास ऐकत डबे भरते. तिच्या मुलींना तो सकाळचा राग वाटतो, आणि ती त्यांना काही सांगत नाही.

परवा, मे महिन्यातल्या एका सकाळी, सात वाजता तिचा फोन आला. इथे ऊन डोळ्यांत खुपत होतं, नळाचं पाणी गेलं होतं, डब्यात ललत नुकता संपून भैरव लागला होता. तिच्याकडे रात्रीचे साडेनऊ. “इथे धो धो पडतोय रे,” ती म्हणाली. “बाबांची ती कॅसेट लाव ना.”

आता तिच्याकडे दोन्ही गोष्टी बरोबर होत्या, रात्रही आणि पाऊसही. आमच्याकडे दोन्ही चूक. मी आईकडे पाहिलं. ती दुधाकडे पाहत होती.

“लाव,” आई म्हणाली. “पण आवाज बारीक ठेव. शेजारी काय म्हणतील, यांच्याकडे काळवेळ म्हणून काही राहिलंच नाही.”